जुन्या व्हिस्की-वाइन व्यापाऱ्याची पेढी बघायची आहे : लंडन, एडिंबरा की एल्गिन?

उत्तरसमुद्र
नमस्कार मंडळी. माझे मामा ऑगस्टमध्ये माझ्याकडे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला येतायत. कराडला त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे. शाळा सोडून दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायला लागले होते, आता तेच दुकान त्यांचं आहे. इकडचे किल्ले-तळी बघण्यात त्यांना रस नाही. ‘शंभर-दीडशे वर्षं चाललेलं एखादं व्यापाऱ्याचं दुकान दाखव’ म्हणाले. इथे चौकशी केली तर जुनी म्हणून जी नावं पुढे येतात ती सगळी व्हिस्की आणि वाइनच्या पेढ्यांची. लंडनची बेरी ब्रदर्स अँड रड, एडिंबऱ्यात दुकान असलेली केडनहेड आणि स्कॉटलंडच्याच एल्गिन गावची गॉर्डन अँड मॅकफेल, अशी तीन नावं माझ्याकडे आहेत. एकच ठिकाण जमेल, एका दिवसाचं. शिवाय त्यांच्या भागीदारासाठी एक बाटली घ्यायची आहे, ६० पौंडांपर्यंत. कुठे जावं आणि काय घ्यावं?

पेगमास्तर
लंडन. दुसरा विचारच करू नका. सेंट जेम्सेस स्ट्रीटवर ३ नंबरला १६९८ पासून दुकान आहे. बोर्न नावाच्या विधवा बाईंनी ते सुरू केलं, तेव्हा तिथे कॉफी आणि मसाले विकत. कॉफी गिरणीची खूण असलेली पाटी अजून बाहेर टांगलेली आहे. आणि किराणावाल्या मामांसाठी खास गोष्ट म्हणजे कॉफीची पोती मोजायचा भलामोठा तराजू. १७६५ पासून त्यावर गिऱ्हाइकं स्वतःचं वजन करून घेत आणि त्याची नोंद चामडी बांधणीच्या वह्यांत होई. कवी लॉर्ड बायरनची वजनं आहेत त्यात. माझ्याकडे त्यांच्याकडून घेतलेली बोर्डो वाइनची अख्खी पेटी पडून आहे, अजून दहा वर्षं उघडणार नाही. ६० पौंडांत तिथे हात घालू नका, २०० धरून चला, आयुष्यभर नाव काढतील.

हिशेबनीस
बाटली दुकानातून घ्यायचीच कशाला? परतीच्या विमानतळावर घ्या. पूर्वी परदेशी पाहुण्यांना व्हॅट परत मिळायचा, २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ती सोय बंद झाली. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे ७०० मिलीच्या दोन बाटल्या सहज. दुकानातून घेतलीच तर हातातल्या पिशवीत टाकू नका, सामानात द्या. सत्तर टक्क्यांहून कडक दारू विमानात चालत नाही, पण तितकी कडक तुम्हाला बहुधा कोणी विकणारही नाही.

दर्यावर्दी
ताई, तुम्ही राहता अ‍ॅबर्डीनला आणि विचारता कुठे जाऊ? शिवास ब्रदर्स हे मुळात अ‍ॅबर्डीनच्या एका किराणा दुकानातून आलेलं नाव, सुरुवात १८०१ ची, दुकान पुढे किंग स्ट्रीटवर होतं. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून राजघराण्याला माल पुरवण्याचा परवाना मिळाला. शिवास रीगल व्हिस्की त्याच दुकानातून निघाली, १९०९ मध्ये. तुमच्या यादीतली केडनहेडसुद्धा १८४२ ची अ‍ॅबर्डीनचीच. जॉर्ज डंकन यांनी सुरू केली, मग त्यांचे मेहुणे विल्यम केडनहेड यांच्या नावाने चालली. १९७२ मध्ये ती कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकवाल्यांनी विकत घेतली. मी तिथे राहत असताना रोज किंग स्ट्रीटवरून जायचो. मामांना घेऊन त्या रस्त्यावरून चालत जा, खर्च शून्य.

उत्तरसमुद्र
किंग स्ट्रीट बघितला आहे, पण ते दुकान आता तिथे नाही. मामांना चालतं दुकान हवंय, गल्ल्यावर माणूस बसलेला. आणि एक सांगायचं राहिलं : मामा माळकरी आहेत, स्वतः घेत नाहीत. बाटली भागीदारासाठी. ६० पौंड म्हणजे ६० पौंडच.

गल्लीबोळ
एडिंबरा करा. केडनहेडचं दुकान रॉयल माइलवर कॅननगेटला आहे, छोटंसं, आणि आतली माणसं बोलकी. शिवाय प्रिन्सेस स्ट्रीटवर २०२१ मध्ये जॉनी वॉकरचं मोठं दालन उघडलंय. वॉकरही मूळचा किराणावाला. वडील वारल्यावर शेतीची आवराआवर झाली आणि १८२० मध्ये पोरसवदा जॉनला किल्मार्नॉकमध्ये दुकान घालून दिलं. मामांच्या धंद्याशी याचा थेट संबंध आहे. आपल्याकडे चहावाला ममरी आणि डस्ट मिसळून आपल्या गिऱ्हाइकाला रोज तीच चव देतो ना, तसंच हे लोक. एकेका भट्टीचा माल दर खेपेला वेगळा यायचा, तो मिसळून सारखा करायचा हे किराणावाल्याचं कसब. १८६० च्या कायद्याने माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची) आणि ग्रेन (इतर धान्यांचीही) व्हिस्की कर भरण्याआधीच, सरकारी बंद गोदामात मिसळायची मुभा मिळाली आणि मग हे दुकानदार बघता बघता कारखानदार झाले. वॉकरांची चौकोनी बाटली त्याच सुमाराची. चौकोनी म्हणून पेटीत जास्त मावते आणि कमी फुटते. माल पाठवणाऱ्याला हे लगेच कळतं.

पेगमास्तर
जॉनी वॉकरचं दालन म्हणजे दिवे आणि पडदे. दुकान नाही ते. किल्मार्नॉकचा बाटल्या भरायचा कारखाना २०१२ मध्ये बंद केला त्यांनी. जिथे जन्म झाला त्या गावात काही ठेवलं नाही. लंडनला तराजू आहे, खरा. ६९ पेट्या टायटॅनिकवर गेल्या होत्या या बेरींच्या, आणि १९२३ ची कटी सार्क व्हिस्की त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर ठरली. जेम्स मॅकबे नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने नाव सुचवलं आणि लेबलही त्यानेच काढलं.

मावळतीचा_वारा
पेगमास्तर, एक दुरुस्ती. २०१७ पासून बेरींचं विक्रीचं दुकान कोपऱ्यावर, ६३ पॅल मॅलला हलवलंय. ३ नंबर आता भेटीगाठींसाठी आहे. तराजू तिथेच आहे, पण पावसात उभं राहून ‘आत येऊ का’ विचारायची वेळ येऊ नये म्हणून आधी फोन करा. दुकानाच्या शेजारी बोळातून आत पिकरिंग प्लेस नावाचा चिमुकला चौक लागतो. तिथे टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हाच्या त्याच्या वकिलातीची पाटी आहे. तेवढं मात्र फुकट बघता येतं.

अ_कुलकर्णी_डब्लिन
माल्ट आणि ग्रेन मिसळणं याला तुम्ही कसब म्हणता? खरी व्हिस्की सिंगल माल्टच, म्हणजे एकाच भट्टीची, निव्वळ माल्टची. बाकी सगळं भेसळ.

गल्लीबोळ
भेसळ नाही हो. १९०८-०९ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं याच वादावर आणि मिश्रणालाही व्हिस्की म्हणायचं असा निकाल दिला. आणि फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा खाल्ल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली, तेव्हा लंडनच्या गिऱ्हाइकाने जी व्हिस्की उचलली ती मिश्रणाचीच. ती जागा भरून काढली म्हणून आज स्कॉटलंडमध्ये भट्ट्या शिल्लक आहेत.

अ_कुलकर्णी_डब्लिन
सिंगल माल्ट बाहेर विकायला १९६३ मध्ये ग्लेनफिडिचने सुरुवात केली. दुकानदारांचा त्यात काही हात नाही.

मोरे_मोरेशायर
इथे मला बोलायलाच हवं. मी एल्गिनजवळ राहतो. दुकानदारांचा हात नाही हे बरोबर नाही.

गॉर्डन अँड मॅकफेल मे १८९५ मध्ये एल्गिनच्या साउथ स्ट्रीटवर सुरू झालं. जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल असे दोन भागीदार. किराणा, चहा, वाइन, दारू, सगळं. त्याच वर्षी जॉन अर्कहार्ट नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा उमेदवार म्हणून कामाला लागला. १९१५ मध्ये मॅकफेल निवृत्त झाले आणि गॉर्डन त्याच सुमारास वारले. तेव्हा धंद्याचा मुख्य भागीदार कोण झाला? तोच पोरगा. पेढीवर नाव मात्र अजून पहिल्या दोघांचंच आहे. आजही मालकी अर्कहार्ट कुटुंबाकडे आहे.

आता धंदा कसा चालायचा ते सांगतो, कारण तेच मामांना आवडेल. शेरी आणि पोर्ट या वाइन स्पेन-पोर्तुगालहून पिंपातून यायच्या. दुकानात त्या बाटल्यांत भरल्या की पिंप रिकामं. ते रिकामं पिंप हे लोक आसपासच्या भट्टीवर पाठवायचे आणि त्यात ताजी, पाण्यासारखी पांढरी दारू भरून घ्यायचे. पिंप आपलं, माल भट्टीचा, मुरवायचं आपण. दरसाल दोनेक टक्के माल लाकडातून उडून जातो, म्हणजे नुसतं ठेवायलाही छाती लागते. बाकीचे व्यापारी तरुण माल मिश्रणवाल्यांना देऊन पैसे मोकळे करत, हे ठेवून द्यायचे. जॉनचा मुलगा जॉर्ज १९३३ मध्ये धंद्यात आला. फेब्रुवारी १९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, या बापलेकांनी ग्लेनलिव्हेटचा माल एका शेरीच्या पिंपात भरून ठेवला. ते पिंप ८० वर्षांनी, २०२० मध्ये उघडलं आणि त्यातून २५० बाटल्या निघाल्या. भरणारे दोघेही तोवर गेलेले होते.

आणि कुलकर्णीसाहेब, १९६८ मध्ये जॉर्जने ‘कॉनसर्स चॉइस’ नावाने वेगवेगळ्या भट्ट्यांचे सिंगल माल्ट बाटलीत भरून परदेशी पाठवायला सुरुवात केली. तेव्हा त्यातल्या बहुतेक भट्ट्या स्वतःच्या नावाने बाटली काढतच नव्हत्या, सगळा माल मिश्रणाला जायचा. १९८३ मध्ये मंदीत एकामागून एक भट्ट्या बंद झाल्या. त्यांतल्या काहींची चव आज कुणाला माहीत असेल तर ती अशा दुकानदारांनी ठेवलेल्या पिंपांमुळे.

त्याच १९८३ मध्ये फॉरेस गावची बेनरोमाक भट्टी बंद पडली होती. १९९३ मध्ये याच पेढीने ती विकत घेतली, १९९८ मध्ये पुन्हा चालू केली. किराणा दुकानाला भट्टी घ्यायला ९८ वर्षं लागली. माझं मत विचाराल तर एल्गिनच.

पेगमास्तर
एल्गिनला बघायचं काय पण? दुकान आणि फळीवर बाटल्या. त्यापेक्षा भट्टी दाखवा, तांब्याचे हंडे तरी दिसतील. आणि यांनी तर २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२४ पासून दुसऱ्यांच्या भट्टीतून पिंपं भरणार नाही. म्हणजे ज्या धंद्याने मोठे झाले तोच बंद.

मोरे_मोरेशायर
बंद नाही. गोदामात आहे तो माल पुढची कित्येक वर्षं पुरेल. आता बेनरोमाक आणि २०२२ ची नवी केर्न अशा स्वतःच्या दोन भट्ट्या आहेत, तिकडे लक्ष देतायत. मला स्वतःला हा निर्णय पटलेला नाही. दुसऱ्याचा माल ओळखून घेणं हीच या पेढीची विद्या होती. पण घरच्यांचा पैसा, घरच्यांचा निर्णय.

दर्यावर्दी
मोरे म्हणतात ते खरं आहे, आणि रेल्वेही सोपी आहे. अ‍ॅबर्डीन-इन्व्हरनेस गाडी पकडायची, दीडेक तासात एल्गिन. वाटेत कीथ लागतं, तिथे शिवासवाल्यांची स्ट्रॅथआयला भट्टी. एल्गिनच्या पुढे फॉरेस, तिथे बेनरोमाक. म्हणजे एकाच तिकिटात तीन ठिकाणं. गाडी चालवत जाऊ नका. स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन चालवण्याची मर्यादा इंग्लंडहून कडक आहे, एका चवीनेही गोत्यात याल.

कोल्हापुरी_मिरची
हे सगळं परदेशी कौतुक कशाला? आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते, बेंगळुरूची अमृत २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन विकली गेली. उष्ण हवेत माल लवकर मुरतो. भागीदाराला पॉल जॉन द्या. मी दर दिवाळीला पाहुण्यांना तीच देतो, एकानेही नाव ठेवलेलं नाही.

हिशेबनीस
कराडच्या माणसाला स्कॉटलंडहून गोव्याची बाटली नेऊन द्यायची? आणि भारत-ब्रिटन करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्यात, स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. दोन लिटरच्या वर काही नेण्यात अर्थ नाही, थांबा.

जुनी_पेटी
बाटलीबद्दल माझा अनुभव ऐका. काकांकडून आलेली सत्तरच्या दशकातली बाटली आमच्याकडे वाइनसारखी आडवी ठेवली होती. उघडायला गेलो तर बूच भुसभुशीत होऊन आत पडलं, चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी लागली आणि चव गेलेली. वाइन आडवी, व्हिस्की उभी. दारू कडक असते, बूच खाते. मामांच्या भागीदारांना हे नक्की सांगा. आणि घेणार असाल तर जुन्या सालाची घ्या, त्यांच्या जन्मसालाची मिळाली तर सोनं.

अ_कुलकर्णी_डब्लिन
जन्मसालाची बाटली ६० पौंडांत? हजारोंत जाते ती. एकाच पिंपातली, पाणी न घातलेली घ्या. शंभरेक पौंड पडतील, पण घ्यायची तर तीच.

मावळतीचा_वारा
भागीदार कशी घेतात ते विचारलं का कुणी? सोडा घालून घेत असतील तर पाणी न घातलेल्या एका पिंपातल्या बाटलीचा उपयोग नाही.

गल्लीबोळ
मी परत सांगतो, एडिंबरा. केडनहेडमध्ये ६० पौंडांत चांगलं काहीतरी काढून देतील आणि मामांना शहरही बघता येईल. एल्गिनला दुकान आणि कॅथीड्रलचे भग्न अवशेष सोडले तर दुपारी करायला काही नाही.

सातारकर_वहिनी
मामा माळकरी आहेत, त्यांना दारूच्या दुकानात नेणं मला योग्य वाटत नाही. जुनं दुकानच बघायचं तर लंडनला चहाची जुनी दुकानं आहेत.

उत्तरसमुद्र
वहिनी, मीही हाच प्रश्न मामांना विचारला होता. ते म्हणाले, ‘दुकानात जाणं म्हणजे पिणं नव्हे. माझ्या दुकानात तंबाखू आहे, मी खात नाही.’

काल फोनवर मी त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. मला वाटलं होतं तराजूवर अडतील, कारण आमच्या घरी त्यांनी जुना पितळी काटा जपून ठेवलाय. पण ते तराजूवर थांबलेच नाहीत. जॉन अर्कहार्टवर थांबले. पंधराव्या वर्षी लागलेला पोरगा मालक झाला आणि पाटीवरचं नाव बदललं नाही, हे मला परत वाचायला लावलं. त्यांच्या स्वतःच्या दुकानावरही मूळ मालकांचंच नाव आहे. ‘पाटीवरच्या नावावर उधारी मिळते, माझ्या नावावर कोण देईल?’ असं ते नेहमी म्हणतात. १९१५ मध्ये अर्कहार्टनेही हाच विचार केला असेल असं त्यांचं ठाम मत आहे.

तेव्हा एल्गिन ठरलं, आणि फक्त एल्गिन. कीथ नाही, फॉरेस नाही, भट्टीची फेरी नाही. हंडे बघायचे नाहीत म्हणाले. काउंटरसमोर उभं राहून माल कसा मांडलाय, गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, एवढंच बघायचं. बाटली बेनरोमाकची दहा वर्षांची घेणार, ६० च्या आत बसते. मावळतीचा वारा, तुम्ही बरोबर विचारलंत : भागीदार भरपूर सोडा घालून घेतात. जन्मसाल, एक पिंप, कडक माल, सगळ्यांचे आभार, पण त्यातलं काही घेत नाही. मोरेसाहेब, दुकानात जुन्या दिवसांबद्दल विचारलं तर सांगतात का?

मोरे_मोरेशायर
गर्दी नसेल तर सांगतात. दुपारच्या आधी जा. दुकान उघडं आहे ना आणि वेळ काय, हे निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. आणि स्कॉटलंडच्या कायद्याने सकाळी १० च्या आधी दुकानात दारू विकता येत नाही, लवकर पोचलात तर बाटली मिळायची नाही.

पेगमास्तर
दहा वर्षांची बेनरोमाक ही काही भेट देण्यासारखी बाटली नाही, हे मी लिहून ठेवतो. किमान पंधरा वर्षांची तरी घ्या. ३० पौंड जास्त जातील.

हिशेबनीस
बजेट ६० आहे हो.

दर्यावर्दी
रविवारी जाऊ नका, गाड्या कमी असतात. मंगळवार-बुधवार धरा, आणि परतीचं तिकीट एकदमच काढा.